ज्येष्ठ खेळाडूची पाठवणी आणि रिकाम्या जागेचा हिशेब

व्यावसायिक खेळांतील एखादा संघ आपल्या सर्वांत अनुभवी आणि नामांकित खेळाडूला दुसऱ्या संघाच्या स्वाधीन करतो, तेव्हा चाहते प्रथम एकच प्रश्न विचारतात. त्याच्या बदल्यात काय मिळाले? हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी अपुरा आहे. अशा व्यवहारात संघाला जे खरोखर मिळते, ते बदली खेळाडूच्या नावात क्वचितच असते. ज्येष्ठ खेळाडूच्या जाण्याने मोकळी होणारी रक्कम आणि मोकळे होणारे स्थान हीच संघाची खरी मिळकत असते. त्या रिकाम्या जागेचा उपयोग कसा होतो, यावरच व्यवहाराचे यशापयश ठरते. इंडियन प्रीमियर लीग अर्थात आयपीएलमधील पंजाबच्या संघाचा २०१९ चा निर्णय या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

मोहालीतील निर्णय

चंदीगडच्या सेक्टर ४३ मध्ये आंतरराज्य बसस्थानक आहे. या बसस्थानकापासून मोहालीचे क्रिकेट स्टेडियम काही किलोमीटरच्या अंतरावर आहे. २००८ पासून अनेक वर्षे पंजाबचा संघ याच स्टेडियमला आपले घर मानत आला. येथे नियमाने सामने पाहणाऱ्या प्रेक्षकांना मात्र दर दोन-तीन वर्षांनी संघाचा नवा कर्णधार पाहावा लागला. २००८ ते २०२५ या काळात या संघाने दहाहून अधिक कर्णधार पाहिले.

या मालिकेची सुरुवात चंदीगडच्याच खेळाडूपासून झाली. चंदीगड येथे जन्मलेला युवराज सिंग २००८ मध्ये संघाचा 'आयकॉन' खेळाडू होता. आयकॉन खेळाडूंचा लिलाव होत नसे आणि संघातील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या खेळाडूपेक्षा त्यांना १५ टक्के अधिक रक्कम मिळत असे. युवराजच्या नेतृत्वाखाली संघाने पहिल्याच वर्षी उपांत्य फेरी गाठली. परंतु २०१० मध्ये कर्णधारपद कुमार संगकारा याच्याकडे सोपवण्यात आले आणि संघ त्या वर्षी तळाला राहिला. २०११ च्या लिलावात पुणे वॉरियर्सने युवराजला १८ लाख डॉलरना घेतले. घरचा खेळाडू अशा रीतीने महाराष्ट्राच्या संघात दाखल झाला.

२०१८ च्या लिलावात पंजाबने रविचंद्रन अश्विन याला ७ कोटी ६० लाख रुपयांना घेतले आणि त्याच्याकडे नेतृत्व दिले. कसोटी क्रिकेटमधील भारताचा हा आघाडीचा फिरकीपटू प्रथमच आयपीएलमध्ये कर्णधार झाला होता. पहिल्या वर्षी संघाने सुरुवातीच्या सहापैकी पाच सामने जिंकले, परंतु पुढे घसरण होऊन तो सातव्या क्रमांकावर राहिला. २०१९ मध्ये संघ सहावा आला. दोन्ही वर्षी १४ सामन्यांत सहा विजय आणि १२ गुण अशीच नोंद झाली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये अनिल कुंबळे यांची संघाच्या प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. पुढच्याच महिन्यात अश्विनला दिल्ली कॅपिटल्सकडे सोपवण्यात आले. त्याच्या बदल्यात पंजाबला दीड कोटी रुपये आणि कर्नाटकचा डावखुरा फिरकीपटू जगदीश सुचित मिळाला. कर्णधारपद के. एल. राहुल याच्याकडे आले. अश्विन त्या वेळी ३३ वर्षांचा होता.

दीड कोटी रुपये आणि एक नवोदित गोलंदाज, एवढीच कर्णधाराची किंमत का, असा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला. त्याचे उत्तर आयपीएलच्या आर्थिक नियमांत आहे.

अदलाबदल होते कशी?

आयपीएलमधील प्रत्येक संघाला खेळाडूंच्या मानधनासाठी ठराविक रकमेपर्यंतच खर्च करता येतो. या रकमेला सर्वसाधारणपणे 'पर्स' असे म्हणतात. २०२० च्या हंगामासाठी ही मर्यादा ८५ कोटी रुपये होती. २०२५ मध्ये ती १२० कोटी आणि २०२६ साठी १२५ कोटी झाली. संघमालक कितीही श्रीमंत असला, तरी या मर्यादेबाहेर त्याला जाता येत नाही. म्हणून एका खेळाडूवर खर्च होणारा प्रत्येक रुपया दुसऱ्या खेळाडूच्या वाट्यातून येतो.

दोन हंगामांच्या मधल्या काळात संघांना आपसांत खेळाडूंचे व्यवहार करता येतात. हे व्यवहार मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात खेळाडूच्या बदल्यात खेळाडू दिला जातो आणि आवश्यक तर वर काही रक्कम घेतली जाते. दुसऱ्या प्रकारात केवळ पैशाच्या मोबदल्यात खेळाडू हस्तांतरित होतो. दोन्ही प्रकारांत खेळाडूचे मानधन नव्या संघाच्या पर्समध्ये मोजले जाते, तर जुन्या संघाच्या पर्समध्ये तेवढी जागा मोकळी होते.

दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण नोव्हेंबर २०२३ मधील आहे. गुजरात टायटन्सला २०२२ चे विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार हार्दिक पंड्या मुंबई इंडियन्सकडे परतला. त्याचे १५ कोटींचे मानधन सामावून घेण्यासाठी मुंबईने साडेसतरा कोटी मानधनाचा कॅमेरॉन ग्रीन हा अष्टपैलू बंगळुरूच्या संघाकडे पाठवला. एका व्यवहाराने दुसऱ्या व्यवहाराला जन्म दिला, तो या पर्सच्या बंधनामुळेच.

अश्विनच्या व्यवहाराकडेही याच नजरेने पाहावे लागते. पंजाबला सुचित आणि दीड कोटी रुपये मिळाले, हे खरे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ७ कोटी ६० लाखांचा भार कमी झाला आणि कर्णधाराचे आसन रिकामे झाले. इतर खेळाडूंनाही निरोप दिल्यामुळे डिसेंबर २०१९ च्या लिलावात पंजाबच्या हाती ४२ कोटी ७० लाख रुपये होते. आठ संघांमध्ये ही सर्वांत मोठी रक्कम होती.

अमेरिकेतील जुनी रीत

खेळाडूंच्या अदलाबदलीची ही पद्धत अमेरिकेतील व्यावसायिक खेळांत फार पूर्वीपासून रूढ आहे. तेथील फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलपेक्षा वेगळा, हाताने चेंडू फेकण्याचा आणि धडका देण्याचा खेळ आहे. त्यात 'क्वार्टरबॅक' हा संघाचा सूत्रधार असतो. प्रत्येक चाल त्याच्यापासून सुरू होते आणि चेंडू कोणाकडे द्यायचा, याचा निर्णय तो काही क्षणांत घेतो. फलंदाजी, कर्णधारपद आणि यष्टिरक्षण यांची जबाबदारी एकाच खेळाडूवर असावी, तसे त्याचे महत्त्व असते. त्यामुळे ज्येष्ठ क्वार्टरबॅकला दुसऱ्या संघाकडे पाठवणे हा तेथील सर्वांत अवघड निर्णय मानला जातो.

आयपीएलप्रमाणेच नॅशनल फुटबॉल लीगमध्येही मानधनाची कमाल मर्यादा आहे. २०२३ मध्ये ती प्रत्येक संघासाठी २२ कोटी ४८ लाख डॉलर होती. तेथे खेळाडूला करार करतानाच मोठी रक्कम दिली जाते, मात्र हिशेबात ती पुढील काही वर्षांत विभागून दाखवता येते. खेळाडू मध्येच दुसरीकडे गेला, तर हिशेबात दाखवायची उरलेली रक्कम जुन्या संघाच्या माथी येते. खेळाडू संघात नसतानाही त्याच्या नावाने मर्यादेतील जागा अडून राहते.

ग्रीन बे पॅकर्स या संघाने २०२३ मध्ये हा भार जाणीवपूर्वक स्वीकारला. १८ हंगाम संघात असलेला आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा किताब चार वेळा मिळवलेला ॲरन रॉजर्स हा क्वार्टरबॅक वयाच्या ३९ व्या वर्षी न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवण्यात आला. त्यामुळे त्या वर्षी ग्रीन बेच्या हिशेबात सुमारे ४ कोटी डॉलर संघात नसलेल्या खेळाडूच्या नावे राहिले. बदल्यात संघाला महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील काही हक्क मिळाले. त्यांतील एका हक्काला अट होती. रॉजर्स त्या हंगामात नव्या संघाच्या किमान ६५ टक्के चालींत खेळला, तर २०२४ मधील दुसऱ्या फेरीतील हक्क पहिल्या फेरीचा होणार होता.

११ सप्टेंबर २०२३ रोजी नव्या संघाकडून पहिलाच सामना खेळताना अवघ्या चौथ्या चालीत रॉजर्सच्या टाचेवरील स्नायुबंध तुटला आणि त्याचा हंगाम संपला. ती अट अपूर्ण राहिली.

तरीही ग्रीन बेचे नुकसान झाले नाही, कारण या संघाचा वारसदार आधीच तयार होता. जॉर्डन लव्ह याची निवड २०२० मध्ये झाली होती आणि तीन वर्षे तो रॉजर्सच्या मागे राहून शिकत होता. ज्येष्ठ गेल्यावर त्याने पहिल्याच वर्षी संघाला बाद फेरीत नेले आणि जानेवारी २०२४ मध्ये डॅलसचा पराभव केला. विशेष म्हणजे हीच रीत या संघाने पूर्वीही पाळली होती. २००८ मध्ये ब्रेट फार्व्ह या महान क्वार्टरबॅकलाही ग्रीन बेने जेट्सकडेच पाठवले होते. त्याच्या मागे तीन वर्षे थांबलेला तरुण खेळाडू म्हणजे हाच ॲरन रॉजर्स. पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने संघाला सुपर बोल हे सर्वोच्च विजेतेपद मिळवून दिले.

फार्व्ह गेला तेव्हा आणि रॉजर्स गेला तेव्हाही चाहते दुखावले होते. परंतु दोन्ही वेळा रिकामी झालेली जागा कोण भरणार, हे संघाला आधीपासून ठाऊक होते.

पंजाबने जागा कशी भरली?

पंजाबच्या हाती आलेले ४२ कोटी ७० लाख रुपये कोठे गेले, हे पाहिले म्हणजे दोन पद्धतींतील अंतर स्पष्ट होते. लिलावात संघाने ग्लेन मॅक्सवेल याच्यावर १० कोटी ७५ लाख आणि वेस्ट इंडीजचा वेगवान गोलंदाज शेल्डन कॉट्रेल याच्यावर साडेआठ कोटी रुपये खर्च केले. याच लिलावात रवी बिश्नोई हा तरुण लेगस्पिनर २ कोटींना मिळाला.

करोनाच्या साथीमुळे २०२० चा हंगाम संयुक्त अरब अमिरातीत झाला. योगायोग असा, की २० सप्टेंबर रोजी दुबईत झालेला पंजाबचा पहिला सामना दिल्लीशी होता. अश्विनने आपल्या एकमेव षटकात जुन्या संघाचे दोन फलंदाज बाद केले आणि त्याच षटकात खांद्याला दुखापत होऊन तो मैदानाबाहेर गेला. सामना बरोबरीत सुटला आणि सुपर ओव्हरमध्ये दिल्लीने जिंकला.

एका आठवड्याने, २७ सप्टेंबरला शारजा येथे राजस्थान रॉयल्सविरुद्ध कॉट्रेलच्या एकाच षटकात राहुल तेवतिया याने पाच षटकार मारले. पंजाबने दिलेले २२४ धावांचे आव्हान राजस्थानने पार केले. मॅक्सवेलने त्या हंगामात १३ सामन्यांत १०८ धावा केल्या आणि त्याला एकही षटकार मारता आला नाही. हंगाम संपल्यावर पंजाबने मॅक्सवेल आणि कॉट्रेल या दोघांनाही मुक्त केले.

याच वर्षी राहुलने ६७० धावा करून स्पर्धेत सर्वाधिक धावांचा मान मिळवला आणि बिश्नोईने १२ गडी बाद केले. म्हणजे नेतृत्वासाठी आणि फिरकीसाठी वारस मिळण्याची शक्यता होती. तरीही संघ १२ गुणांसह सहावाच राहिला. बाद फेरीत गेलेल्या चौथ्या संघापेक्षा तो केवळ दोन गुणांनी मागे होता. इकडे दिल्लीने प्रथमच अंतिम फेरी गाठली. अश्विनने त्या हंगामात १३ गडी बाद केले होते.

अश्विनला सोडल्यामुळेच पंजाब हरला, असे म्हणणे अर्थातच धाडसाचे ठरेल. क्रिकेटमध्ये एका खेळाडूच्या येण्याजाण्याने सर्व काही बदलत नाही. परंतु ज्येष्ठाच्या जाण्याने हाती आलेली संधी संघाने एका हंगामापुरत्या खरेदीत खर्च केली, एवढे मात्र निश्चित दिसते.

पुढे तर वारसांनीही घर सोडले. जानेवारी २०२२ मध्ये राहुल आणि बिश्नोई दोघेही लखनौच्या नव्या संघात गेले. राहुलला १७ कोटी, तर बिश्नोईला ४ कोटी रुपये मिळाले. पंजाबने मयंक अगरवाल याला १२ कोटी रुपयांना कायम ठेवून २०२२ साठी कर्णधार केले. त्या वर्षीही संघ सहावा राहिला आणि नोव्हेंबरमध्ये मयंकलाही मुक्त करण्यात आले. २०१९ ते २०२२ अशी सलग चार वर्षे संघ सहाव्याच स्थानावर होता. कर्णधार तीन झाले, संघाचे नावही २०२१ मध्ये बदलून पंजाब किंग्ज झाले, परंतु क्रमांक तोच राहिला.

एकच खरेदीदार, दोन अनुभव

ज्येष्ठ खेळाडू घेणाऱ्या संघाचा नेहमी लाभच होतो, असेही नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीने अश्विनबरोबरच मुंबईचा फलंदाज अजिंक्य रहाणे यालाही घेतले. राजस्थान रॉयल्सचा चेहरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रहाणेच्या बदल्यात राजस्थानला मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया हे दोन खेळाडू मिळाले.

त्या वेळी तेवतियाचे नाव फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. शारजातील पाच षटकारांनंतर मात्र ते देशभर पोहोचले. दिल्लीकडे शिखर धवन, पृथ्वी शॉ आणि श्रेयस अय्यर हे वरच्या फळीतील फलंदाज आधीच असल्याने रहाणेला मोजकेच सामने खेळायला मिळाले. अश्विनसाठी दिल्लीत जागा होती, रहाणेसाठी नव्हती. दोघांच्या गुणवत्तेत तफावत नव्हती. तफावत होती ती नव्या संघाच्या गरजेत.

खेळाडूची संमती

संघाच्या लाभहानीबरोबर आणखी एक बाजू पाहणे आवश्यक आहे, ती म्हणजे स्वतः खेळाडूची. अमेरिकेत खेळाडूच्या करारात तसे स्वतंत्र कलम नसेल, तर संघ त्याला न विचारता दुसऱ्या शहरात पाठवू शकतो. आयपीएलमध्ये मात्र खेळाडूच्या संमतीशिवाय अदलाबदल होत नाही. हा नियम खेळाडूंच्या दृष्टीने महत्त्वाचे संरक्षण आहे.

परंतु हे संरक्षण एकाच दिशेचे आहे. संघ खेळाडूविषयी दुसऱ्या संघाशी बोलणी करू शकतो, पण खेळाडूने स्वतःहून तशी बोलणी करणे नियमबाह्य ठरते. रवींद्र जडेजा याला याचा अनुभव तारुण्यातच आला. राजस्थान रॉयल्सशी करार असताना अन्य संघाशी बोलणी केल्याबद्दल त्याला २०१० च्या संपूर्ण हंगामात खेळण्यास बंदी करण्यात आली होती.

त्यानंतर २०१२ मध्ये तो चेन्नई सुपर किंग्जमध्ये आला. २०२३ च्या अंतिम सामन्यात अखेरच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून त्याने चेन्नईला विजेतेपद मिळवून दिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच जडेजाला, सॅम करन याच्यासह, चेन्नईने राजस्थानकडे पाठवले आणि बदल्यात संजू सॅमसन याला घेतले. जडेजाचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटी झाले. सॅमसनचे १८ कोटी कायम राहिले. जडेजा तेव्हा ३६ वर्षांचा होता, सॅमसन ३१ वर्षांचा. वयातील पाच वर्षांचे आणि यष्टिरक्षणाच्या कौशल्याचे मोल या आकड्यांतून दिसते.

ज्या संघातून बाहेर पडण्याच्या प्रयत्नाबद्दल बंदी झाली, त्याच संघात पंधरा वर्षांनी संमतीने परतणे, हा योग दुर्मीळ म्हणावा लागेल. मात्र कायदेशीर संमती आणि मनापासूनची इच्छा या दोन गोष्टी नेहमी एकच असतात, असे नाही. आपण संघाला नकोसे झालो आहोत, हे कळल्यावर तेथेच राहण्याचा आग्रह धरणारे खेळाडू विरळाच.

रिकामी जागा कोणासाठी?

पंजाबच्या कथेत पुढे एक वळण आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावाला जाताना संघाने केवळ शशांक सिंग आणि प्रभसिमरन सिंग यांना कायम ठेवले आणि ११० कोटी ५० लाख रुपये हाती राखले. म्हणजे जागा पूर्वीपेक्षाही अधिक मोकळी केली. या वेळी मात्र ती कोणासाठी मोकळी केली आहे, हे ठरलेले दिसले. संघाने श्रेयस अय्यरला २६ कोटी ७५ लाख रुपयांना घेऊन कर्णधार केले. २०१९ पासून संघात असलेल्या अर्शदीप सिंगला १८ कोटी रुपये देऊन परत मिळवले. रिकी पाँटिंग हे प्रशिक्षक होते. दिल्लीत त्यांनी आणि अय्यरने पूर्वी एकत्र काम केले होते. २०२५ मध्ये संघ गुणतक्त्यात अव्वल राहिला आणि ३ जून रोजी अहमदाबाद येथे झालेल्या अंतिम सामन्यात बंगळुरूकडून अवघ्या सहा धावांनी पराभूत झाला.

याच अय्यरने २०२४ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सला विजेतेपद मिळवून दिले होते. कोलकात्याने त्याला कायम ठेवले नाही. लिलावात वेंकटेश अय्यरवर २३ कोटी ७५ लाख रुपये खर्च केले आणि पुढच्या वर्षी हा संघ आठव्या स्थानावर घसरला. एका संघाने मोकळी केलेली जागा त्यालाच भरता आली नाही आणि दुसऱ्याने त्याच खेळाडूभोवती संघ बांधला.

यावरून काही निष्कर्ष काढता येतात. ज्येष्ठ खेळाडूला निरोप देणे हा अपराध नाही. वय, मानधन आणि संघाची गरज यांचा मेळ बसेनासा झाला, की तो निर्णय आज ना उद्या घ्यावाच लागतो. मात्र निरोपाच्या दिवशी मिळालेल्या खेळाडूंची आणि रकमेची यादी पाहून त्या निर्णयाचे मूल्य ठरवता येत नाही. त्या जागी उद्या कोण उभा राहणार, याचा विचार आधी झाला होता का, हे पाहावे लागते. तो विचार झाला असेल, तर महान खेळाडूच्या जाण्यानंतरही संघ उभा राहतो. झाला नसेल, तर पर्समधील कोट्यवधी रुपये खर्च होऊनही ती जागा रिकामीच राहते.